सातवी तार

नागपूरच्या सदरमधल्या ख्रिस्ती घरात भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार दिसली तर कुणालाही नवल वाटत नाही. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल इथलंच, आणि १८५१ मध्ये उभं राहिलेलं ऑल सेंट्स कॅथेड्रलही हाकेच्या अंतरावर. डिसेंबर लागला की कॅरल म्हणत घरोघर फिरणारी मंडळी निघतात आणि त्यांच्यात एखाद्या पोराच्या गळ्यात गिटार असतेच. मे महिन्यात नागपूरचं ऊन तिचं लाकूड सुकवतं, मान किंचित वाकते, पोरगा ती पुन्हा सरळ करून घेतो. इथवर सगळं ठीक. पण तोच पोरगा एके दिवशी तिला केबल जोडतो, अ‍ॅम्प्लिफायरचा कान पिळतो, घरभर घरघर पसरते आणि आतून आजीचा आवाज येतो, ‘हे काय वाजवून राहिला रे? हे काय देवाचं संगीत हाये?’

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत ज्या ज्या ख्रिस्ती माणसानं हेवी मेटलची गिटार हातात घेतली, त्याला हाच प्रश्न विचारला गेला. पाळकांनी विचारला, रसिकांनी विचारला आणि पुष्कळदा त्यानं स्वतःलाही विचारला. त्या वादकांची आयुष्यं पाहिली की सूर कसा बनतो, त्याला धर्म कोण चिकटवतं आणि श्रद्धावंत कलावंताचं पोट कशावर चालतं, या तिन्ही गोष्टी एकदम समोर येतात.

सुरुवात सुरापासूनच करू.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्यानं भांडी घासायच्या साबणाच्या बाटलीचं प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणं केली आणि त्यांवर चामडं चिकटवलं. ताठ तार त्या बोटांना झेपेना. म्हणून हलक्या तारा लावल्या आणि पुढं त्या सैल करून स्वर खाली उतरवला. तार सैल झाली की आवाज जड होतो, खर्जाकडे झुकतो. एका कामगाराच्या जखमी हातानं शोधलेली ही वाट पुढं एका अख्ख्या संगीतप्रकाराचा आवाज ठरली.

आयोमीच्या ‘ब्लॅक सबाथ’ या बँडची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये आली. तिच्यातल्या पहिल्याच गाण्याची धून तीन स्वरांची आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. सा आणि तीव्र म यांच्यातल्या या अंतराला युरोपात ‘संगीतातला सैतान’ असं नाव पडलं होतं. मध्ययुगात चर्चनं त्याच्यावर बंदी घातली होती असं सर्रास सांगतात, पण अशा बंदीचा पुरावा नाही. गाणाऱ्याला ते अंतर अवघड जाई, कानाला अस्थिर वाटे, म्हणून संगीतकार ते टाळत, इतकंच. तरीही नाव चिकटलं ते चिकटलं. मेटलवाल्यांनी ते मिरवलं आणि धार्मिकांनी त्याचा धसका घेतला.

आता आपल्याकडे पाहा. तीव्र मध्यम म्हणजे यमन. गाणं शिकायला बसलेलं मूल पहिल्या वर्षीच यमन गिरवतं. तंबोऱ्यावर षड्ज अखंड घुमत असतो आणि त्याच्यावर ते तीव्र म लावतं, म्हणजे ‘सैतानाचं’ ते अंतर संध्याकाळभर घरात नांदत असतं. कुणी त्याला घाबरत नाही. उलट दिवेलागणीला तोच स्वर शुभ वाटतो. स्वरांचं अंतर तेच, कंपनांचं गणितही तेच. भीती स्वरात नव्हती, ती ऐकणाऱ्यांच्या आठवणींत होती. सदरच्या आजीला मी हे आधी सांगेन.

आणि ती घरघर? तिच्यातही गूढ काही नाही. अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त जोराचा संदेश दिला की ध्वनिलहरीचे उंच माथे कापले जातात. कापलेल्या माथ्यांतून मुळात नसलेले नवे स्वरांश जन्मतात आणि आवाज खरखरीत, दाट होतो. अशा आवाजात भरगच्च स्वरमेळ वाजवला तर चिखल होतो, कारण प्रत्येक स्वर दुसऱ्याशी मिसळून त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वर तयार करतो. म्हणून मेटलचा वादक गंधार गाळतो आणि फक्त सा आणि प ठेवतो. या दोघांचं प्रमाण दोनास तीन. त्यांची वजाबाकी येते एक, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला सा. दोन बोटांत न वाजवलेला खर्ज आपोआप उमटतो. सा आणि प ही जोडी तंबोऱ्याचीही. मेटलच्या गिटारीचा पाया आणि देवघरातल्या भजनाचा पाया इतके शेजारी आहेत.

ब्लॅक सबाथकडे परत येतो, कारण तिथंच एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. या बँडचे लोक गळ्यात क्रूस घालत. ते अ‍ॅल्युमिनियमचे क्रूस गायक ऑझी ऑस्बोर्नच्या वडिलांनी करून दिलेले होते. गाणी लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरात वाढलेला. १९७१ च्या त्यांच्या तबकडीत ‘आफ्टर फॉरेव्हर’ नावाचं गाणं आहे आणि ते उघडउघड देवावरच्या विश्वासाची बाजू घेतं. सैतानाचा बँड म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांच्याच घरातून ख्रिस्ती मेटलचा पहिला उद्गार निघाला असं म्हणायला हरकत नाही.

तरी ख्रिस्ती मेटल हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो अमेरिकेत. शिकागोच्या एका ख्रिस्ती वसाहतीतला रिझरेक्शन बँड सत्तरच्या दशकातच जड गिटार वाजवत होता, पण दुनियेला दखल घ्यायला लावली ती कॅलिफोर्नियाच्या ‘स्ट्रायपर’नं. बँड १९८३ चा. मायकेल स्वीट आणि ऑझ फॉक्स हे दोन गिटारवादक. दोघं एकच धून एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून जोडीनं वाजवत, दोन सनया एकत्र वाजाव्यात तशी. सगळ्यांचे कपडे पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचे. यशयाच्या पुस्तकातल्या त्रेपन्नाव्या अध्यायात देवाच्या सेवकाला बसलेल्या फटक्यांचा उल्लेख आहे. जुन्या इंग्रजी बायबलात त्या फटक्यांच्या वळांसाठी जो शब्द येतो, त्याचाच दुसरा अर्थ पट्टे. मराठीतही ‘पट्टा’ मारायचा असतो आणि कापडावरही असतो, त्यामुळे आपल्याला हा श्लेष चटकन पोचतो. अंगावरचे वळ त्यांनी अंगरख्यावर घेतले.

१९८६ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या अल्बमच्या दहा लाखांहून जास्त प्रती अमेरिकेत खपल्या. नाव ऐकून दचकायला होतं, अर्थ मात्र सैतानाला हाकलणारा आहे. कार्यक्रमात ते नव्या कराराच्या प्रती गर्दीत भिरकावत. पोरं त्या झेलत. आणि इथूनच दोन्हीकडून मार सुरू झाला. दूरचित्रवाणीवरचे प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ मध्ये ख्रिस्ती रॉकविरुद्ध पुस्तक लिहिलं. मेंढराच्या कातड्यातला लांडगा, हे त्यांचं वर्णन पुस्तकाच्या नावातच होतं. उलट बाजूला मेटलचे चाहते म्हणत की हे वादक नव्हेत, उपदेशक आहेत. चर्चला ते फार मेटल वाटले आणि मेटलला फार चर्च.

वाद तत्त्वाचा दिसतो, पण वादकाच्या घरी तो भाकरीचा होतो. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत माल ठेवायचा तर मुखपृष्ठ सोज्वळ हवं, शब्द तपासून घेतलेले हवेत. बाहेरच्या दुकानात खपवायचा तर धर्म जरा मागं ठेवावा लागतो. दोन बाजार, दोन्हींत पाय, आणि दोन्हींकडून पूर्ण मोबदला नाही. १९९० च्या अल्बममध्ये स्ट्रायपरनं पट्टे उतरवले, उघड ख्रिस्ती शब्दही गाळले. त्यानं नवे चाहते फारसे मिळाले नाहीत आणि जुने दुखावले. १९९२ मध्ये मायकेल स्वीट बाहेर पडला आणि बँड थांबला. २००३ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, पट्टे परत अंगावर चढले. २०१८ मध्ये लास व्हेगासच्या रंगमंचावर वाजवता वाजवता ऑझ फॉक्सला झटका आला आणि मेंदूत गाठी असल्याचं कळलं. उपचार घेत तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा वाजवू लागला. वयाच्या साठीकडे आलेला माणूस मेंदूतल्या गाठी घेऊन तीच धून जोडीदाराच्या शेजारी उभा राहून वाजवतो, तेव्हा तो ढोंग करतो आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण या लेखाचं नाव ज्या माणसावरून ठेवलं तो वेगळा. ब्रायन वेल्श, टोपणनाव ‘हेड’. जन्म १९७०, कॅलिफोर्नियाचा. स्ट्रायपर या नावानं तो बँड श्रद्धा घेऊनच मंचावर उतरला; हा मेटलमधून श्रद्धेकडे गेला आणि परत आला. एवढी वळणं घेतलेली कारकीर्द या क्षेत्रात मला दुसरी दिसत नाही.

बेकर्सफील्ड या तेलविहिरींच्या आणि शेतीच्या गावातून निघालेल्या ‘कॉर्न’ या बँडचा तो संस्थापक वादक. गिटारीला साधारण सहा तारा असतात, सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं देते. वेल्श आणि त्याचा साथीदार जेम्स शेफर यांनी सात तारांची गिटार घेतली. ती त्यांनी शोधलेली नाही. स्टीव्ह व्हाय या कसबी वादकासाठी आयबानेझ कंपनीनं ती १९९० मध्ये बाजारात आणली होती आणि तिचा वापर झपाट्याच्या, चमकदार वादनासाठी होई. या दोघांनी तिचं काम उलटं केलं. सातवी तार आणखी उतरवून ५५ कंपनांवर आणली आणि गती टाकून दिली. थोडेच स्वर, पण ते अंगावर धावून येणारे. मेटलमध्ये एकल वादनाचं कौतुक फार, कॉर्ननं ते जवळजवळ वगळलं. एक गिटार खर्जात चिरडत राही, दुसरी वर विचित्र, घंटेसारखे, बिनसलेले स्वर काढी. मारहाण, छळ, एकटेपण हे गाण्यांचे विषय होते, आणि तो आवाज त्या विषयांना शोभणारा होता. पहिला अल्बम १९९४ चा. १९९८ चा ‘फॉलो द लीडर’ अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला.

त्याच वर्षांत वेल्श आतून ढासळत होता. मेथॅम्फेटामिनचं व्यसन, मोडलेलं लग्न आणि एकट्यानं वाढवायची छोटी मुलगी. ती पाच वर्षांची असताना बँडचं एक अश्लील गाणं गुणगुणताना त्यानं ऐकलं. आपण वाजवलेलं आपल्याच घरात, लेकीच्या तोंडून परत आलेलं. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यानं कॉर्न सोडल्याचं जाहीर झालं आणि मार्चमध्ये त्यानं यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला. ते बातम्यांतही झळकलं. त्यानंतर त्यानं भारतातल्या अनाथ मुलांच्या आश्रयगृहांसाठी पैसा उभा केला, हातांवर ख्रिस्ताचं नाव गोंदवलं. २००७ मध्ये आत्मचरित्र आलं, २००८ मध्ये स्वतःच्या नावावर काढलेला अल्बम, दोन्हींचं नाव एकच: ‘सेव्ह मी फ्रॉम मायसेल्फ’.

साक्षीचं पुस्तक इथं संपतं. श्रोते आमेन म्हणतात. आयुष्य मात्र पुढं चालूच राहतं, आणि वेल्शबद्दल मला खरा आदर वाटतो तो या पुढच्या भागासाठी. बाप्तिस्म्यानंतर सगळं सुरळीत झालं नाही. बँड गेला तशी कमाई गेली, पैशांचे व्यवहार फसले, मुलीचं वाढतं वय अवघड गेलं. २०१६ च्या दुसऱ्या आत्मकथनात त्यानं स्वतःच्या चुका स्वतःच मांडल्या. ‘लव्ह अँड डेथ’ नावाचा बँड काढला. त्यातही तोच खर्ज, तीच घरघर. आवाज बदलायची त्याला गरज वाटली नाही. पूर्वी जो आवाज वेदना नुसती ओरडून सांगत होता, तोच आता वेदनेसह देवाला हाक मारत होता. स्तोत्रसंहिता वाचलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. दाविदाची कित्येक स्तोत्रं म्हणजे खोल खड्ड्यातून मारलेली हाकच आहे.

तरी शंका उरतेच. श्रद्धावंतानं फक्त श्रद्धेचंच गाणं वाजवावं का? मेगाडेथ या मेटल बँडचा डेव्ह मस्टेन हाही ख्रिस्ती झालेला. २००५ मध्ये काही विशिष्ट बँडांसोबत एका मंचावर यायला त्यानं नकार दिला आणि चेटकाशी जोडलेलं स्वतःचं एक जुनं गाणं वर्षानुवर्षं वाजवलं नाही. २०१८ मध्ये ते पुन्हा हाती घेतलं. प्रत्येकानं आपली रेघ आपणच ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

आपल्याकडे ही रेघ फार पूर्वी ओढून झाली आहे आणि ती ओढणारे मोठे लोक होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी येशूची कथा सांगायला मराठी ओवी घेतली. १६१६ मध्ये छापलेलं त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांचे कान पुराण ऐकायला सरावलेले होते, म्हणून त्यांनी साचा तोच ठेवला. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तन ख्रिस्ती केलं. आणि नारायण वामन टिळक तर नागपूरशी बांधलेले. १८९१ च्या सुमारास ते इथं आप्पासाहेब बुटींच्या पदरी होते. पुढं नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या माणसानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांनी आणलेल्या इंग्रजी चालींवर बेतलेली गाणी मराठी जिभेवर नीट बसत नाहीत हे त्यांना जाणवत होतं. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन उपासनेत आणलं, आणि त्यांची पदं ‘उपासना संगीता’तून आजही मराठी ख्रिस्ती माणूस गातो. टाळ-मृदंग चर्चमध्ये कसा चालेल, असं त्यांच्या काळात ज्यांना वाटलं असेल त्यांची आणि सदरच्या आजीची शंका एकाच जातीची आहे. आजी आज टिळकांचं पद डोळे मिटून म्हणते.

पोटाचा प्रश्नही आपल्याकडे जुनाच. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. मिस्सासाठी तयार केलेले ते हात पुढं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ आणि स्टुडिओंत हिंदी चित्रपटांचं संगीत वाजवू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस त्यांतलेच. शनिवारी रात्री कॅबरेला साथ करणारा माणूस रविवारी सकाळी चर्चमध्ये ऑर्गनशेजारी उभा राही. त्याचा विश्वास खोटा होता का? तसं कुणी म्हटलं नाही, कारण त्या पगारावर अख्खं घर चालत होतं.

मला वाटतं, वेल्शनं शेवटी गोव्याच्या या वादकांचीच वाट धरली. स्ट्रायपरनं ख्रिस्ती बँड म्हणून जगायचं ठरवलं. त्यानं बँडमधला ख्रिस्ती माणूस म्हणून जगायचं ठरवलं. पहिल्यात प्रत्येक शब्दाची झडती होते. दुसऱ्यात माणसाचीच झडती होते, दररोज, बसमध्ये, मंचामागं, जुन्या मित्रांसमोर. दुसरी वाट मला जास्त अवघड वाटते आणि म्हणून जास्त खरीही. फिनलंडमध्ये २००६ पासून लुथरन चर्चच मेटलच्या साथीनं उपासना भरवतं. तिथं रुळलेली स्तोत्रं विजेच्या गिटारीवर वाजतात आणि बाकांवर चामड्याची जाकिटं घातलेले लोक गातात. अशी व्यवस्था मिळाली तर वादकाचं ओझं निम्मं होतं. वेल्शला ती मिळाली नव्हती. त्याला मंच मिळाला तो जुनाच.

५ मे २०१२. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला एक मोठा रॉक महोत्सव. कॉर्नचा कार्यक्रम चालू होता. सात वर्षं बाहेर असलेला वेल्श मंचावर आला आणि पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं, ‘ब्लाइंड’, त्यांच्यासोबत वाजवलं. पुढच्या वर्षी तो बँडमध्ये रीतसर परतला आणि त्यानंतर कॉर्नच्या अल्बमांमध्ये सातत्यानं वाजवतो आहे. बँडचा तेव्हाचा बास वादक रेजिनाल्ड आर्विझू हाही मधल्या काळात ख्रिस्ताकडे वळला होता. सातव्या तारेचं लावणं बदललं नाही. ती आजही ५५ कंपनांवरच आहे. कार्यक्रम संपल्यावर व्यसनात अडकलेली, घर सुटलेली पोरं वेल्शला भेटायला थांबतात. गिटार पेटीत ठेवून तो त्यांच्याशी बोलत बसतो आणि कुणी म्हटलं तर त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.